नानांची चप्पल

"बाल-न्यूरोलॉजीच का?" प्रवेशअर्जातल्या या प्रश्नाखाली मी "लहान मुलांची सेवा" असं लिहिलंय. खोटं आहे ते. लिहिताना दारातल्या नव्या चपलांच्या चामड्याचा वास आला आणि सिरसाळ्याचा तो बाजार आठवला.

धाकटी बहीण फिट येऊन मातीत तडफडत होती. "फेफरं हाय, हुंगवा तिला," म्हणत बागायतदार नानांनी पायातली चप्पल काढून तिच्या नाकावर दाबली. वडिलांनी त्यांना अडवलं नाही. आमची मेंढरं खतासाठी नानांच्याच रानात बसायची, त्यावरच घर चालायचं; त्यांच्या दारावरून वडील चपला हातात घेऊन जायचे. बहिणीचे हात मीच धरले होते.

मी मुलांची डॉक्टर झाल्याचं ऐकून काल नानांचा फोन आला. नातवाला फिट येतात म्हणाले.

"आणा की त्याला, औषध देते," मी म्हणाले. "पर येताना चपला हातात घेऊन या, नाना."