कर्नलला हॅलो म्हणणारे सर

संगणकाच्या गाभ्याशी थेट बोलण्याचा अधिकार फार थोड्या माणसांना लाभतो. अशा एका माणसाच्या शेजारच्या खुर्चीत मी कित्येक वर्षं बसले आणि तो त्या गाभ्याशी काय बोलतो, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तो 'हॅलो' म्हणायचा. थोड्या वेळाने 'बाय' म्हणायचा. झालं.

पोरांनी त्यांचं नाव हॅलो सर ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. अमरावतीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते तासिका तत्त्वावर होते, म्हणजे जेवढे तास तेवढेच सर. रोज अकोल्याहून एसटीने येत. मी तिथे संभाषणकौशल्य शिकवते, म्हणजे अभ्यास न झाल्याचं कारण इंग्रजीत सांगायला शिकवते. आम्हा दोघांना मिळून स्टाफरूममध्ये एक टेबल होतं.

त्यांचा विषय ऐच्छिक: लिनक्स या संगणकप्रणालीचा कर्नल. कर्नल म्हणजे अख्खं यंत्र चालवणारा कारभारी. चालत्या यंत्रात या कारभाऱ्याच्या हाताखाली छोटे प्रोग्रॅम घालता येतात आणि काढताही येतात. त्यांना मॉड्यूल म्हणतात. सर शिकवत ती नमुन्याची मॉड्यूल्स कसलंच काम करत नसत. आत घातलं की कर्नलच्या नोंदींमध्ये 'हॅलो' उमटायचं, काढलं की 'बाय'. तासाला पोरं आली नाहीत की सर मलाच प्रयोगशाळेत नेत.

"सर, मोडलं तर?"

"काहून भेता मॅडम? आपण त्याले नमस्कार करून राहिलो, मुक्का मारून नाही. फक्त आधी सगळं सेव्ह करा. अथी चुकलं त हा एकटा पडत नाही, सारं घर घेऊन पडते."

मग 'हॅलो' उमटायचं आणि सर ती ओळ मोठ्याने वाचून दाखवायचे. दरवेळी. त्याच्या वर कर्नलची स्वतःची एक ओळ असायची: बाहेरचं मॉड्यूल आलं, मी डागाळलो. मॉड्यूल काढलं तरी यंत्र बंद होईपर्यंत तो डाग राहतो. "आमच्या कॉलेजसारखाच हाये," सर म्हणाले. "बाहेरचा आला की पहिले लिहून ठेवते."

एका दिवाळीच्या सुट्टीत कोणीतरी प्रयोगशाळेतली सगळी यंत्रं अद्ययावत केली. परत येऊन पाहतो, तर सरांचं एकही मॉड्यूल आत जाईना. मी हळहळले. सर शांत होते. "मॉड्यूल चुकीचं नाही मॅडम. ज्या कर्नलसाठी बांधलं, तो कर्नल राहिला नाही." आणि खुर्ची ओढून त्यांनी एकेक पुन्हा बांधायला घेतलं.

एका बाबतीत मात्र ते कडक होते. 'बाय'चा भाग लिहिला नाही की मार्क कापत. "जायची वाटच लिहिली नाही त कर्नल त्याले काढू देत नाही. पोट्टेहो, आले तसे सांगून जात जा!" हा नियम ते माणसांनाही लावत. चांदूर बाजारचा एक मुलगा न सांगता वर्गातून सटकला, तर त्याला जिन्यावरून परत बोलावलं. "काय म्हनाचं रायलं?" तो म्हणाला, "बाय सर." "हं. जा आता."

एकदा मी एका लग्नाला अकोल्याला गेले होते, तेव्हा सरांच्या घरी डोकावले. दोन खोल्या, कुलर, एक खुर्ची. माझ्यासाठी त्यांनी शेजारून दुसरी आणली. ती ठेवून, बाहेरून आल्यावरच्या सवयीने त्यांनी कीबोर्डची वायर यंत्राला जोडली आणि पडद्यावर रोमन अक्षरांत ओळ उमटली: आलात का.

"हे काय सर?"

"नमुना हाये. कीबोर्ड जोडला की वळखते." मग चहा टाकायला उठले. घरात तेवढं एकच विचारणारं होतं. मी चहात साखर जास्त आहे असं काहीतरी बोलले.

पुरेशी पोरं आली तरच ऐच्छिक विषय चालतो आणि विषय चालला तरच सर. दर वर्षी पोरं कमी होत गेली. विभागप्रमुख आमच्या टेबलाशी येऊन भविष्यकाळात बोलत. "सर, आता एआयचा जमाना येणार. कर्नलला कोण विचारणार?"

"तुमचा एआय कायच्यावर चालते सर? पाण्यावर?"

विभागप्रमुख हसले. हसणाऱ्याच्या हातात वेळापत्रक होतं. त्या वर्षी दोनच पोरांनी विषय घेतला आणि आठवड्याभरात दोघांनी बदलून घेतला.

जूनच्या वेळापत्रकात सरांचं नाव नव्हतं. ते प्रयोगशाळेची किल्ली द्यायला आले, तेव्हा मी वर्गात होते. शिपायाने सांगितलं, थोडा वेळ आत बसले आणि गेले. मला काही निरोप? नाही. मी फोन केला. तो वाजत राहिला. नंतर केला, तेव्हा वाजलाही नाही.

मग मी प्रयोगशाळेत गेले. कोपऱ्यातलं यंत्र चालू होतं. नोंदींत शेवटची ओळ होती: हॅलो. इतकी वर्षं शेजारी बसून मॉड्यूल काढायची आज्ञा मला देता येत होती. पासवर्ड भिंतीवरच लिहिलेला होता. 'बाय' वाचायला मिळेल म्हणून मी आज्ञा दिली. कर्नल नाही म्हणाला. पुन्हा दिली. पुन्हा नाही. मूळ प्रोग्रॅम उघडून पाहिला, तर 'बाय'चा भाग लिहिलाच नव्हता. विसरले म्हणावं, तर त्याच चुकीसाठी त्यांनी जन्मभर मार्क कापले होते.

म्हणजे ते यंत्र चालू आहे तोवर सरांना तिथून कोणी काढू शकत नव्हतं, विभागप्रमुखसुद्धा. 'हे यंत्र बंद करू नये' असा कागद मी पडद्यावर चिकटवला. स्टाफरूममधल्या टेबलावर आता मी एकटीच बसत होते, पण जाता-येता प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात त्या यंत्राचा हिरवा दिवा दिसायचा. कागद सगळ्यांनी पाळला. विभागप्रमुखांनीही पाळला.

एका गुरुवारी दुपारी वादळ आलं आणि लाइट गेली. त्या यंत्राला यूपीएस नव्हता.