कुंड्यांना दिलेला ऑइल पेंट

सगळ्यात आधी रोपवाल्या मावशींचं सांगतो. पुढे जे घडलं त्यात चूक पूर्ण माझी होती, आणि त्या नसत्या तर ती निस्तरलीच नसती. प्रताप नगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी रोज सकाळी त्यांचा ठेला लागतो. फुलझाडांची रोपं, शेणखताच्या पिशव्या, दांडीला टांगलेली पाण्याची बाटली. रोपं उमरेडकडून, त्यांच्या भावाच्या वाडीतून येतात. साठीच्या असतील. त्यांचं "मोगरा घ्या, गुलाब घ्या" गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतं, पण त्या ओरडतायत असं कधी वाटत नाही.

मी पेंटर आहे. गाव तळकोकणात, सावंतवाडीच्या पुढे. सातवीनंतर शाळा सुटली आणि हातात ब्रश आला. धंतोलीतल्या एका इमारतीचं रंगकाम घेऊन आमचा ठेकेदार नागपूरला आला, त्याच्याबरोबर मीही आलो. काम संपल्यावर तो परत गेला. मी राहिलो, कारण इथे हाताला काम होतं आणि गावी नव्हतं. इतक्या लांब आपलं माणूस कोणी नाही, त्यात माझा स्वभाव धास्तीचा. कुलूप लावून चार पावलं गेलो की परत येऊन ओढून बघतो.

राहायला जागा दिली ती याच गल्लीतल्या काकूंनी. त्यांच्या घराला रंग दिला तेव्हा मागची खोली रिकामी दिसली, आणि मी भीत भीत विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "कोपरे स्वच्छ काढतोस. राहा." पहिल्या उन्हाळ्यात मी न मागता त्यांनी जुना कूलर खोलीत आणून ठेवला. आजारी पडलो तेव्हा पाच दिवस मुगाची खिचडी दिली. त्या एकट्याच असतात. मुलगी पुण्याला.

या हिवाळ्यात काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलगी पंधरा दिवस येऊन राहिली. जाताना मला म्हणाली, "दादा, आईच्या कुंड्यांकडे तेवढं बघाल ना? तिचा जीव आहे त्यांच्यात." मी हो म्हणालो. ते हो माझ्या मानेवर बसलं. कुंड्यांना काही झालं तर ही खोली गेली, असं मीच मनाशी ठरवून टाकलं. मला कोणी तसं म्हणालं नव्हतं.

काकू दरवर्षी दिवाळीनंतर पिटुनिया, फ्लॉक्स, डेलिया लावायच्या, आणि फेब्रुवारीत अंगणात पाय ठेवायला जागा नसायची, इतके रंग. यंदा दवाखान्याच्या धावपळीत ते राहिलं. एकोणीस कुंड्यांत बारमाही झाडं तेवढी होती, गुलाब, जास्वंद, मोगरा, शेवंती. सगळं हिरवं आणि मातकट. काकू आतल्या खोलीत पडून असायच्या, तिथून अंगण दिसत नाही. डॉक्टर म्हणाले होते, मार्च लागला की व्हरांड्यात बसा. मला वाटलं, त्या बाहेर येतील आणि समोर काय बघतील? नुसती पानं?

फुलं माझ्या हातात नव्हती. रंग होता.

वेगवेगळ्या कामांवरून उरलेला ऑइल पेंट माझ्याकडे साठलेला असतो. पिवळा, आकाशी, पोपटी, गुलाबी. शिवरात्रीच्या आठवडाभर आधी, थंडी उतरत आली होती तेव्हा, शनिवार-रविवार धरून मी बसलो. दरवाजा जसा करतो तशीच एकेक कुंडी केली. आडवी करून पॉलिश पेपरने घासली, पुट्टी भरली, प्रायमर मारला, वर दोन हात पेंट. आमच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं, भोक दिसलं की बुजवायचं. तर मी कुंड्यांचे तडे बुजवले, टवके बुजवले, आणि बुडाजवळची भोकंही बुजवली. तीही अगदी सफाईने. बोट फिरवलं तरी लागणार नाहीत अशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला जाणारी दोन माणसं फाटकाशी थांबली, एकाने मोबाइलवर फोटो काढला. मला वाटलं, चला, एक काम तरी धड झालं.

आठवड्यात पानं पिवळी पडायला लागली.

ऊन वाढत होतं, म्हणून मी पाणी वाढवलं. सकाळी एक तांब्या होता तो सकाळ-संध्याकाळ केला. माती वर ओली राहायची, तर मला बरंच वाटायचं, ओल टिकतेय म्हणून. मग गुलाबाने माना टाकल्या. आतून काकूंचा आवाज यायचा, "कुंड्यांना पाणी घालतोस ना रे?" आणि मी ओरडून सांगायचो, "दोन वेळा घालतो काकू!" या वाक्याची आता आठवण आली तरी कान गरम होतात.

शेवटी एक पान तोडलं आणि मावशींच्या ठेल्यावर गेलो.

"पान कायले आणलं गा?" त्या म्हणाल्या. "पेशंट घरी ठेवून नुसतं पान दाखवते का कोणी?"

शेजारच्या इस्त्रीवाल्याला ठेल्याकडे लक्ष ठेवायला सांगून त्या माझ्याबरोबर निघाल्या. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि उभ्याच राहिल्या.

"माय वं! झाडाईले रेनकोट घातला का तू?"

एका पिवळ्या कुंडीवर त्यांनी बोटाच्या पेराने ठोकलं, मग निळीवर. खाली वाकून बुडाशी हात फिरवला. मग माझ्याकडे बघितलं.

"पानी कुठून निघते इचं?"

मीही वाकून बघितलं.

"भोकं कुठं गेले गा, पेंटरभाऊ?"

"बुजवली."

"काहून?"

"भोकं होती म्हणून."

त्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मीही थोडा हसलो, काय करणार. मग त्यांनी डोळे पुसले, आणि चेहरा बदलला.

"माठाले कोणी पेंट मारते का?" त्यांनी विचारलं. "मारला तं पानी थंड राहीन का त्यातलं? मातीची कुंडी बी तशीच हाये. तिले घाम येते, म्हणून इथल्या उन्हात मुळी जगते. तू घाम बी बंद केला अन् लघवी बी बंद केली. मंग झाड काय करन?"

इतकं साधं. माझ्या खोलीत माठ होता. रोज त्यातलं पाणी पीत होतो.

त्यांनी खिळा मागितला आणि एका कुंडीचं भोक उघडलं. काळं पाणी आलं आणि गटारासारखा वास सुटला. मी म्हणालो, "मावशी, मला खोली सोडावी लागणार." त्या म्हणाल्या, "पयले झाडं सोडव. मंग खोली."

तीन सकाळी त्या आल्या. धंद्याची वेळ तीच, गिऱ्हाईक सकाळीच असतं, तरी आल्या. मी दहाला कामावर जायचो, तोवर दोघं खपायचो, आणि आतून काकूंनी कुंड्यांचं विचारलं की मी "बरं आहे" म्हणायचो. झाडं उपसून त्यांनी सडलेल्या मुळ्या कात्रीने कापल्या, उरलेल्या धुतल्या, आणि झाडं भिंतीच्या सावलीत जमिनीतच लावून टाकली. मी पत्री घेऊन रंग खरवडत होतो. हाताने चढवलेला रंग हाताने काढणं मला नवं नाही, जुने दरवाजे करताना तेच करतो. पण तो दुसऱ्याचा रंग असतो. स्वतःचा, दहा-बारा दिवसांपूर्वीचा, चकचकीत रंग काढताना पत्री जड वाटते. दोन कुंड्या फुटल्या. बाकीच्यांवर कुठे निळा, कुठे पिवळा डाग राहिलाच, प्रायमर मातीत मुरला होता. मावशींनी गेरू कालवायला सांगितला. "रंगच द्याचा हाये ना तुले? हा दे. हा मातीचाच हाये, मातीले चालते."

एकोणीसपैकी पाच झाडं गेली. चार गुलाब आणि शेवंतीची, त्यांचं एक वेळ चाललं असतं. पाचवा मोगरा. त्याचं खोड बुडापासून काळं पडलं होतं. मावशींनी नखाने साल काढून बघितली, जरा वर काढून बघितली, आणखी वर बघितली. मग बाजूला ठेवला.

हा मोगरा काकूंच्या आईच्या अंगणातल्या फांदीचा होता. अमरावतीचा. हे मला माहीत होतं. काकूंनीच एकदा सांगितलं होतं, ओंजळभर कळ्या माझ्या हातात देताना.

मी मावशींना म्हणालो, "तुमच्या ठेल्यावर एवढाच मोगरा आहे. तो द्या. त्याच जागी ठेवतो. काकूंना कळणार नाही."

त्या हात धूत होत्या. धूतच राहिल्या.

"तिले कळन का नाही, थे सोड," त्या म्हणाल्या. "तुले तं मालूम हाये ना?"

"पण मुलीला कळलं तर..."

"तू सांगतं का मी सांगू?"

मी म्हणालो, मी सांगतो.

त्याच सकाळी काकूंच्या खोलीच्या दाराशी उभा राहिलो. आत गेलो नाही. पेंट, पुट्टी, भोकं, पाणी, सगळं सांगितलं. मोगऱ्याचं शेवटी सांगितलं. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, हातात वर्तमानपत्र. ते त्यांनी नीट घडी करून बाजूला ठेवलं.

"केव्हापासून ठाऊक होतं तुला?"

"तीन दिवस."

"तीन दिवस मी विचारून राहिले, अन् तू बरं आहे म्हणून राहिला."

"हो."

"जा कामावर. उशीर होईल."

बस, एवढंच. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी कामावर मी एकाच भिंतीला दोनदा पहिला हात मारला. संध्याकाळी खोलीवर येऊन पिशवीत कपडे भरून ठेवले. म्हणजे कोणी निघ म्हणालं तर लगेच निघता यावं, थांबून अपमान नको.

सकाळी वॉकरचा आवाज आला. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसाच्या चांगल्या आठवडाभर आधी काकू व्हरांड्यात आल्या होत्या, एकट्याच. मी धावत गेलो. त्या खुर्चीत बसल्या आणि गेरूच्या कुंड्या, सावलीतली उघडीबोडकी झाडं, सगळं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत राहिल्या. मोगऱ्याच्या रिकाम्या जागेशी नजर थांबली.

"वाईट वाटून राहिलं मला," त्या म्हणाल्या. "वाटू दे. तू मध्ये बोलू नको."

मी वॉकर धरून उभा राहिलो.

ऊन पायरीपर्यंत आलं तेव्हा म्हणाल्या, "आता काय लावणार आहेस? एवढ्या रिकाम्या कुंड्या ठेवून मी काय बघू इथे बसून?"

म्हणजे मी राहणार होतो. मी आत जाऊन पिशवीतले कपडे काढून दोरीवर टाकले. धुतलेलेच होते, तरी टाकले.

मावशींना निरोप पाठवला. त्या झिनियाची रोपं घेऊन आल्या, कळीला आलेली. आणि चिनी गुलाबाच्या काड्या, ओल्या फडक्यात गुंडाळून. "पिटुनिया-गिटुनिया विसर आता," त्यांनी मला बजावलं. "तुह्या गावाकडं फागुनात गारवा असन, इथं पंधरा दिवसांत तवा तापते. उन्हात हासन असंच लाव." काड्या नुसत्या तोडून खोचायच्या असतात हे मला खरंच वाटेना. दोघी बायका, एक खुर्चीत आणि एक उकिडवी, कोणती कुंडी कुठे यावरून तासभर भांडल्या. काकूंना लाल पुढे हवा होता, मावशींना केशरी. जिच्या हाकेला ओ देत होतो ती बाई बरोबर, असं धोरण ठेवलं.

होळीच्या आधी झिनिया उमलला. रंग मला नंबराने कळतात, शेडकार्ड बघत पंचवीस वर्षं गेली. त्या लालचा नंबर मला लावता आला नाही. पाकळीच्या टोकाला एक आणि आत दुसराच. चिनी गुलाब सकाळी ऊन चढलं की उघडायचा आणि दुपार उतरली की मिटायचा. काकू त्या वेळा धरून व्हरांड्यात येऊ लागल्या. मी रंग नेहमी वरून देत आलो. कोरड्या भिंतीवर, बाहेरून, आणि तो दिला की काम संपतं. हा रंग आतून, पाण्याबरोबर चढत येतो, आणि त्याला कुठून तरी वाट उघडी लागते, हे मला चाळिशीला येऊन एका ठेलेवाल्या बाईने शिकवलं. मोगऱ्याची जागा काकूंनी रिकामीच ठेवली आहे. मी विचारत नाही.

रोपांचे ट्रे परत द्यायला एकदा मावशींच्या घरी गेलो. उमरेड रोडला, वस्तीत, दोन खोल्या. भिंती विटांच्या, अजून प्लास्टर नाही. बाहेर बादल्यांत, फुटक्या माठांत रोपं. त्यांनी चहा केला. मी सवयीने भिंती बघत होतो, ते त्यांनी बघितलं.

"पाहून काय राहिला गा? विटाईले बी पुट्टी मारतं का?"

मी म्हणालो, प्लास्टर होऊ द्या, मग सांगतो. त्या म्हणाल्या, "होते तवा होते. चहा घे."

त्यांच्यापुढे हे बोलायला माझी जीभ रेटली नाही, म्हणून इथे लिहितो. मावशी, तुमच्या भिंतींना जेव्हा प्लास्टर होईल, मग ते पुढच्या वर्षी होवो की दहा वर्षांनी, तेव्हा मी नागपुरात असेन किंवा गावी असेन, मला कळवा. मी येईन. दोन्ही खोल्या, बाहेरची बाजू, दार, खिडक्या, सगळं मी एकट्याने करीन, आणि रंग तुम्ही म्हणाल तो देईन.