पाच मतं, नंबर सात

माझ्या मुलीचा नंबर माइकवर पुकारला की मी घाबरायचे. असोद्यातल्या आमच्या गल्लीच्या बायका म्हणायच्या, "काय बाई तू! पोरीला मतं पडली की लोक पेढे वाटतात, आणि तुझं तोंड उतरतं!" उतरणारच. म्हणायला त्यांचं काय जातंय?

त्याचं असं होतं. जळगाव-धुळ्याकडच्या मुलींच्या संघांची कबड्डी स्पर्धा हिवाळाभर चालायची, दर रविवारी वेगळ्या गावी. हंगामातली सर्वोत्तम खेळाडू ठरवायचे ते प्रशिक्षक. सामना संपला की दोन्ही संघांचे प्रशिक्षक एकमेकांकडे पाठ करून उभे राहायचे आणि दोन्ही संघांतून मिळून प्रत्येकी पाच मुली निवडायचे. पहिलीला पाच मतं, दुसरीला चार, असं उतरत पाचवीला एक. तिथल्या तिथे माइकवर पुकारा व्हायचा, "पाच मतं, नंबर सात!" सात म्हणजे माझी मुलगी. शेवटी जिची मतं जास्त तिला बक्षीस, आणि बक्षीस म्हणजे नुसती ढाल नव्हे. स्पर्धा भरवणाऱ्या पाइप कारखान्याच्या संघात जागा, म्हणजे नोकरी. मुलीला ती जागा हवी होती. जेवताना तेच, केस विंचरताना तेच, दुसरं बोलणं नाही.

यात घाबरण्यासारखं काय, असं कुणीही विचारेल. अहो, समोरच्या संघाचा प्रशिक्षक तुमच्या मुलीला पाच मतं देतो, म्हणजे त्यानं तिला नीट बघून ठेवलेली असते. कुठल्या पायावर जोर देते, कुठून वळते, सगळं. आणि पुकारा काय एकटा तोच ऐकतो? पुढच्या रविवारी ज्यांच्याशी गाठ, तेही ऐकत असतात. एकदा पाच मतं पडली की पुढच्या सामन्यात तिच्या घोट्यावर दोघी दोघी सोडल्या जायच्या. त्यात मी कामाला हाडांच्या दवाखान्यात, प्लास्टरच्या खोलीत. मी पाय धरून ठेवते आणि डॉक्टर पट्टी गुंडाळतात. घोटा मोडलेलं माणूस कसं ओरडतं ते मला विचारा. त्यामुळे इतर आयांना टाळ्या ऐकू यायच्या आणि मला भलतंच काही.

नवरा म्हणायचा, "तू घरीच बस. तुझा चेहरा बघून पोरगी पडायची." घरी बसून तर जीव आणखी टांगणीला. आमच्यात नवस बोलत नाहीत, नाहीतर जिल्ह्यातला एक देव मी सोडला नसता. सकाळी बुद्धवंदना म्हणायला बसायचे, मन शांत व्हावं म्हणून. ओठ वंदना म्हणायचे आणि मन त्या घोट्यात.

दोंडाईचाच्या सामन्यात तिचा पाय मुरगळला. तिनं कुणाला सांगितलं नाही. रात्री तेल लावताना माझ्या हाताला सूज लागली. दाबून बघितलं, हाड शाबूत होतं. म्हटलं, पुढचा रविवार राहू दे. तर म्हणे, "आई, एक रविवार सुटला की मतं गेली." गेली खेळायला पट्टी बांधून. त्या दिवशी मी मैदानावर बसून मनात एकच घोकत होते, आज हिला काही पडू नये, आज हिला काही पडू नये. आणि खरंच, सगळी मिळून एकच मत पडलं. मला इतकं हलकं वाटलं! घरी येताना ती रिक्षात ओढणी तोंडावर घेऊन रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि आतून खुशीत होते. आई असून अशी.

शेवटचा सामना धुळ्यात. मतांत माझी मुलगी आणि धुळ्याची एक मुलगी बरोबरीत. धुळ्याच्या संघाच्या प्रशिक्षक म्हणजे पन्नाशीच्या एक बाई, सगळे त्यांना अक्का म्हणायचे. आवाज असा की मैदानाच्या टोकाला उभा माणूस दचकावा. सामन्याआधी त्या आपल्या मुलींना काहीतरी सांगत होत्या आणि दोन बोटांनी स्वतःचा घोटा दाखवत होत्या. मी बघितलं.

सामना संपत आला तेव्हा धुळं थोडंसं पुढे होतं. माझी मुलगी चढाईला गेली. एकीला शिवली, वळली, आणि डाव्या कोपऱ्यातल्या मुलीनं तिचा तोच घोटा धरला. मग दुसरी आली, तिसरी आली, बघता बघता ढीग झाला. तळाशी माझी मुलगी, फक्त एक हात बाहेर. तो हात हलत नव्हता. लोक ओरडत होते, शिट्ट्या मारत होते, मला काही ऐकू येत नव्हतं. तिचा चेहरा एका मुलीच्या पोटाखालून दिसला, काळानिळा, डोळे बाहेर आलेले. गेली, असं मला वाटलं. अगदी असंच वाटलं, माझी पोर गेली.

मी उठले, दोरी ओलांडली, पाण्याची बाटली घेऊन थेट मॅटवर धावले आणि किंचाळले, "सोडा! मरतेय ती! सोडा गं बयांनो!" एकीचे केस धरून मी तिला मागे ओढलं.

पंचांची शिट्टी झाली. ढीग सुटला, आणि माझी मुलगी टुणकन उठून बसली. धडधाकट! हात मध्यरेषेपासून वीतभर लांब.

"आई!" एवढंच म्हणाली.

कबड्डी मी काय पहिल्यांदा बघत होते? एका दमात कबड्डी कबड्डी चालू आहे तोवर चढाई जिवंत असते. ढिगाखालून हात रेषेला लागला की धरणाऱ्या सगळ्या बाद. ती वीत वीत सरकत होती. पंच खाली वाकून तिचा दम ऐकत होते. हात हलत नव्हता, कारण ती पुढच्या सरकण्यासाठी जोर साठवत होती. सगळ्या मैदानाला हे कळत होतं, तिच्या आईला सोडून. बाहेरचं माणूस आत आलं म्हणून पंचांनी चढाई रद्द केली. थोड्याच वेळात सामना संपला, आम्ही हरलो.

मग ते दोघं पाठीला पाठ लावून उभे राहिले, अक्का आणि आमचे प्रशिक्षक. हंगामभर मतं पडतील म्हणून घाबरले होते, आता पडणार नाहीत म्हणून. पडू देत गं, पडू देत, असं पुटपुटत मी पदराचा बोळा करून दातात धरला होता.

अक्कांचा पुकारा आधी झाला. पाच मतं, नंबर सात! मी उभीच राहिले. चार त्यांच्या बरोबरीतल्या मुलीला. मग आमच्या प्रशिक्षकांचा पुकारा. पाच मतं धुळ्याच्या त्याच मुलीला. चार दुसऱ्या कुणाला, तीन आणखी कुणाला. सातला दोन. बक्षीस गेलं, जागा गेली.

मी प्रशिक्षकांच्या मागे धावले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, जी चढाई झालीच नाही, तिला मी मत कसं देऊ?" त्यांचंही खरंच होतं. अक्का बाजूलाच उभ्या होत्या. मला वाटलं आता ही बाई मला झोडपणार, तिच्या मुलीचे केस ओढले होते मी. तर माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "माय, पोरले काही व्हयेल नही. तिना दम चालू व्हता." मग मी तिथेच बसून रडले.

परतीच्या एसटीत मुलगी खिडकीशी, मी तिच्या शेजारी. पारोळा गेलं तरी ती बाहेरच बघत होती. मी म्हटलं, "बोल ना गं काहीतरी. शिव्या दे हवं तर." ती वळली. मला वाटलं आता फुटेल. तिनं माझं डोकं जवळ ओढलं, तोंड माझ्या कानाशी आणलं आणि अगदी बारीक आवाजात सुरू केलं, कबड्डी कबड्डी कबड्डी. गरम श्वास, कापरा आवाज, संपतच नव्हता. दम संपल्यावर म्हणाली, "हा ओळखून ठेव. हा ऐकू येतोय तोवर जागेवरून उठायचं नाही."

या वर्षी पुन्हा स्पर्धा आहे. पहिल्याच रविवारी जळगावात तिला डाव्या कोपऱ्यात धरलं, तोच घोटा, तसाच ढीग. मी दोरीला चिकटून बसले होते. डोळे गच्च मिटले आणि कान लावला. आधी नुसता गोंगाट. मग त्याच्या तळाशी ते बारीक, फाटकं कबड्डी कबड्डी. शेजारच्या बाईचा हात मी इतका दाबला की ती ओरडली. पण मी उठले नाही. ती उठली, तेव्हाच उठले.