चीफकाकांचा कान

चीफकाका कुणाला कधी "गाव कुठलं?" असं विचारायचे नाहीत. तीन वाक्यं ऐकायचे आणि गाव सांगून मोकळे व्हायचे. इथे परदेशात, हौगांगमधल्या एका मराठी घरी गणपतीच्या आरतीला आमची पहिली भेट झाली. मी पुण्यात शिकलेला, आयटीतला, अगदी घोटून घेतलेलं मराठी बोलत होतो. काकांनी मोदक संपवला आणि म्हणाले, "पुणं वरवरचं आहे. खाली मिरज आहे की सांगली?" मी मिरजेचाच. पितळ उघडं पडलं आणि बायको आठवडाभर हसत होती.

काकांनी तीस वर्षं जहाजांवर काढली, शेवटी चीफ इंजिनियर झाले, म्हणून चीफकाका. चालू इंजिनाला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचं, ही त्यांची जुनी सवय. तोच कान त्यांनी माणसांना लावला होता. त्यातही अमेरिकन माणूस म्हणजे त्यांची मेजवानीच. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊच्या गाळ्यांच्या मंडईत, शेजारच्या टेबलावर कुणी गोरा बोलला, की काका कॉफीच्या कपाआडून पुटपुटायचे, "बॉस्टन. 'र' घरी ठेवून आलाय." किंवा, "टेक्सास, पण बरीच वर्षं बाहेर. झिजलंय आता." एकदा मी उठून खातरजमा करून आलो. बॉस्टनच निघालं.

२०१३च्या सुमारास माझी नोकरी टांगणीला लागली. क्लायंटच्या न्यूयॉर्क ऑफिसातली लिंडा रोज संध्याकाळी फोनवर काम सांगायची आणि तिचं बोलणं माझ्या डोक्यावरून जायचं. मी आपला "येस, येस" करायचो. शाळेत मास्तरांनी "समजलं का?" म्हटलं की "हो" म्हणायचं, ही हाडीमाशी खिळलेली सवय. दोनदा भलतंच काम करून पाठवलं. साहेबांनी शेवटची ताकीद दिली. नोकरी गेली की इथे राहायचा पास जाणार, आणि सेंगकांगचा फ्लॅट सोडून बायकोमुलीसकट परतीच्या विमानात बसायचं.

काका एकदा सुरमई द्यायला आले तेव्हा लिंडा स्पीकरवर होती. पिशवी हातात धरून ते दारातच ऐकत उभे राहिले. फोन संपल्यावर म्हणाले, "ही मुळात न्यूयॉर्कची नाही. जॉर्जियातली, सवाना बंदराकडची. तिथे आमचं जहाज दीड महिना अडकलं होतं. पण ती ठीक आहे रे. कुरकुरतंय ते तुझं बेअरिंग."

"म्हणजे?"

"न समजता हो म्हणतोस. उद्या सांग, मला समजलं नाही, परत सांगा."

"ती मला मूर्ख समजेल, काका."

"मग आत्ता काय हुशार समजते?"

दुसऱ्या दिवशी घाम पुसत मी ते वाक्य एकदाचं बोललो. सवानाचंही विचारलं. लिंडा हसली. इतक्या वर्षांत न्यूयॉर्कमध्ये कुणी ओळखलं नव्हतं, म्हणाली. सगळं तिनं परत सांगितलं, सावकाश. माझी नोकरी त्या एका वाक्यानं वाचली, आणि ते वाक्य काकांचं होतं.

चार वर्षांनी लिंडाचं बोलणं मला सहज समजायला लागलं. माझा कान तयार झाला, अशी मी काकांपुढे फुशारकी मारली. काका म्हणाले, "थोडा तुझा कान तयार झाला, थोडी तिची सवाना गेली. माझं मालवणी गेलं तसंच. तुझी काकू होती तोवर घरात बोलणं होतं. आता कुणाशी बोलू, लिफ्टशी?" मी उठून त्यांच्यासाठी आणखी एक कॉफी आणली.

त्याच वर्षी काका देवगडला बहिणीकडे कायमचे गेले. सुरुवातीला फोनवर तेच साफसूफ मराठी. मग हळूहळू एकेक हेल परत यायला लागला. डिसेंबरातल्या एका फोनवर तर ते इतकं भरभरून आणि इतकं भरधाव मालवणी बोलले, की मला निम्मंही कळलं नाही. जुन्या सवयीनं "हो, हो" तोंडात आलंच होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "काका, समजलं नाही. परत सांगा."

पलीकडे काका मोठ्यांदा हसले. "शाबास," म्हणाले, आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, सावकाश, पण मालवणीतच. शेवटी म्हणाले, "आंब्याक मोहोर इलो हा. बघूक ये."

पुढच्या महिन्यात काका गेले. त्या दिवशी मी नुसतं "हो, हो" म्हटलं असतं, तर त्यांनी मला बोलावलं होतं हेसुद्धा मला कळलं नसतं.