गणपत, थांब!

"मॅडम, वच्छलाबाईले पट्ट्यावरून काढून टाकतो," राजाभाऊ मुकादम म्हणाले. "सगळ्यात कमी कचरा काढून राह्यली ते."

तेवढ्यात माझा पीएचडीचा विद्यार्थी पंकज लॅपटॉप उघडाच धरून आला. "मॅडम, वच्छलाबाईंचा ट्रस्ट सगळ्यात जास्त आहे! रोबोटला त्यांनी एकदाही थांबवलेलं नाही."

दोघं एकाच बाईबद्दल बोलत होते आणि दोघांचंही खरं होतं. मला अशी कोडी फार आवडतात. पण या कोड्यात एका बाईचा रोजगार अडकला होता, त्यामुळे मजा जरा बेतानेच घ्यावी लागणार होती.

आम्ही दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये होतो. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी वेगळी करून रुई काढायची जागा. त्याआधी कापूस एका सरकत्या पट्ट्यावरून जातो आणि दोन्ही बाजूंच्या बाया त्यातला कचरा वेचतात. पोत्याचा धागा, गुटख्याची पुडी, केस, कधी कोंबडीचं पीस. बोंडअळीची वर्षं होती. कापूस कमी यायचा आणि यायचा तोही डागी, कचऱ्याने भरलेला. गाड्या कमी म्हणून मालकाला पट्ट्यावरची एक बाई कमी करायची होती. इथून सुटलेल्या बाईला त्या सीझनला दुसरीकडे काम मिळणं कठीण होतं, कारण गावातल्या सगळ्याच जिनिंगांची तीच गत होती.

आमच्या विद्यापीठाच्या प्रकल्पाचा कोबॉट त्या पट्ट्यावर बसवला होता. कारखान्यातला नेहमीचा रोबोट जाळीच्या आत असतो, कारण तो माणसाला बघत नाही. कोबॉट माणसाच्या शेजारी, जाळीशिवाय काम करतो. आमचा एकच लांब हात होता. कॅमेऱ्यात कचरा दिसला की तो वाकून उचलायचा. आमच्या विद्यार्थी पोरांनी त्याची सोंड बघून नाव ठेवलं गणपत. प्रत्येक बाईच्या खांद्याला छोटा माइक होता. "गणपत, थांब!" म्हटलं की हात जागच्या जागी थांबायचा. कोण किती वेळा थांबवतं यावरून माणसाचा मशीनवर किती भरवसा आहे ते आम्ही मोजत होतो. कमी थांबवलं की भरवसा जास्त, असा आमचा साधा हिशोब.

नाव सांगितलं त्या दिवशी पट्ट्यावर हशा पिकला होता. आम्हाला वाटलं, सोंडेची गंमत पोचली. आम्ही खूश.

"राजाभाऊ, मला दोन-चार दिवस द्या," मी म्हटलं.

"मालकाले काय सांगू?"

"मॅडम बघून राह्यल्या म्हणून सांगा."

ते हसले आणि गेले. माझं वऱ्हाडी ऐकून लोक नेहमी हसतात.

आधी आम्ही व्हिडिओ बघितला. गणपतचा हात जवळ आला की वच्छलाबाई आपला हात झटकन मागे घ्यायच्या. तेवढ्यात समोरचा कचरा पुढे निघून जायचा. मुकादमांची तक्रार इथून आली होती. म्हणजे बाईला भीती वाटत होती. मग ती "थांब" का म्हणत नव्हती? आणि तिच्या शेजारी उभी असलेली रेखा, धीट, तोंडाळ पोरगी, ती मात्र सगळ्यांत जास्त वेळा थांबवत होती. पंकजच्या हिशोबात रेखा सगळ्यांत घाबरट निघाली होती. रेखाला भेटलेला कोणीही यावर विश्वास ठेवला नसता.

"माइक बदलले गेले असतील," पंकज म्हणाला. तपासले. बरोबर होते.

मग मी सरळ डोक्याला फडकं बांधून पट्ट्याशी जाऊन उभी राहिले, दोघींच्या मध्ये नाही, मागे. थोड्याच वेळात सोंड वच्छलाबाईंकडे वाकली. त्यांनी हात मागे घेतला आणि रेखाला कोपराने ढोसलं. रेखा ओरडली, "गणपत, थांब!" सोंड थांबली. रेखाचं लक्ष दुसरीकडे असलं की ढोसणं वाया जायचं आणि वच्छलाबाई नुसत्याच हात आखडून उभ्या राहायच्या.

"वच्छलाबाई, तुम्हीच का नाही म्हणत?"

त्यांनी पदर तोंडाला लावला.

"ते कशी म्हणन, मॅडम?" रेखा म्हणाली. "तिच्या घरचेच गणपत हायेत नं!"

अख्खा पट्टा हसला. पहिल्या दिवशीचा हशाही हाच होता, सोंडेचा नव्हताच.

"नवऱ्याचं नाव घेत नाही मी," वच्छलाबाई हळूच म्हणाल्या. "अन् वरून 'थांब' म्हणू? अरेतुरे करू त्याइले? एवढ्या बायांच्या म्होरं?"

"मंग पट्ट्याचं बटन दाबाचं होतं नं," हशा ऐकून आलेले राजाभाऊ म्हणाले.

"बटन दाबलं का सारा पट्टा थांबते. अन् मंग तुमचं तोंड सुरू होते."

पंकज लॅपटॉपकडे बघत राहिला. त्याचा सगळ्यांत चांगला आकडा नुकताच हातचा गेला होता. मला मात्र इतका आनंद झाला की मी तो लपवूही शकले नाही.

नाव बदलायचं ठरलं. चहाच्या सुट्टीत सगळ्या बसल्या. रामू म्हटलं तर रेखाचा भासरा, म्हणजे मोठा दीर, रामूच. बंडू एकीचा सासरा निघाला. राजा म्हटल्यावर सगळ्यांनी मुकादमांकडे बघितलं. कोणीतरी टॉमी म्हणालं, तर जिनिंगचं कुत्रं शेपूट हलवत आलं.

"जवाई म्हणा," वच्छलाबाई म्हणाल्या.

"काहून वं?"

"मधातच येऊन बसला हाये, हात लांब करते, अन् त्याले बोलाची सोय नाही."

पंकजने लगेच टाइप केलं, 'जवाई, थांब'.

"जवायाले थांब म्हन्ते काय कोणी?" रेखा खेकसली. "थांबा म्हणा!"

पंकज कुरकुरला. शब्द लांबला की थांबायला उशीर होणार. शेवटी त्याने असं बसवलं की 'जवाई' ऐकताच सोंड हळू व्हायची आणि 'थांबा'ला पूर्ण थांबायची. आधीच्यापेक्षा ते बरंच निघालं. दचकायला होत नव्हतं.

नंतरच्या दिवसांत वच्छलाबाईंनी जावयाला इतक्या वेळा थांबवलं की पंकज रडकुंडीला आला. "मॅडम, ट्रस्ट पार तळाला गेला!"

"हात बघ त्यांचा," मी म्हटलं. हात मागे जात नव्हता. हव्या त्या वेळी थांबवता येतंय म्हटल्यावर त्या सोंडेच्या अगदी जवळ वेचायला लागल्या होत्या आणि त्यांच्या टोपलीत कचरा दिसायला लागला होता.

मुदत संपली तशी राजाभाऊ पट्ट्याकडे आले. मालकाचं उत्तर घेऊनच आले असावेत. ते वच्छलाबाईंपाशी पोचले, तोंड उघडणार, तेवढ्यात बाई खणखणीत आवाजात ओरडल्या, "जवाई, थांबा!"

सोंड थांबली. राजाभाऊही थांबले. त्यांनी टोपलीत बघितलं, मग माझ्याकडे. "राहू द्या तिले," असं म्हणून ते परत गेले. मालकाला काय सांगितलं ते मी विचारलं नाही, पण पट्ट्यावरची एकही बाई त्या सीझनला कमी झाली नाही.

तेव्हापासून माझ्या विद्यार्थ्यांना एक सवय लावली आहे. कुठल्या रकान्यात शून्य दिसलं की खूश व्हायचं नाही. आधी जाऊन विचारायचं, माणसाला म्हणायचं नव्हतं, की म्हणता येत नव्हतं.