खोडापासून दोन हात लांब

धुरपदाबाईच्या बागेतली पाच मोसंबी वाळली, तेव्हा पिंगळीत एकाएकी सगळेच वैद्य झाले. कोणी म्हणालं, बुडाला ताक घाला. कोणी म्हणालं, नजर लागलीय, फांदीला तुटकी चप्पल बांधा. मानवतच्या बाजारात एकाने राखेसारखी कसलीशी पूड दिली आणि गुण येणारच म्हणून वर शपथही घेतली. बाईने ताक घातलं, चप्पल बांधली, पूडही टाकली. एवढं करून सहाव्या झाडाची पानं पिवळी पडायला लागलीच.

ही गोष्ट निजामाच्या अमलातली, पोलीस ॲक्शनच्या दहा-बारा वर्षं आधीची. धुरपदाबाईचा नवरा व्यंकटी हौशी माणूस. पंचक्रोशीत कोणी केली नव्हती ती मोसंबीची बाग त्याने केली. जालन्याकडून बावीस कलमं रेल्वेने आणली, लेकरं झोपवावीत तशी ओळीने लावली. खरी लेकरं त्यांना झाली नाहीत. झाडं फळावर यायच्या साली व्यंकटी तीन दिवसांच्या तापाने गेला. जाताना शुद्धीत होता. म्हणाला, “झाडांला पाण्याचं उणं पडू देऊ नको. बुडाशी गारवा ऱ्हाऊ दे.”

तिने तो शब्द देवासारखा पाळला. दर चौथ्या दिवशी मोट जुंपायची, पाटाचं पाणी एकेका आळ्यात तुडुंब भरायचं, खोड वीतभर बुडेपर्यंत. आणि तरीही झाडं मरत होती. आपल्या हातालाच काही झालंय का, असं तिला वाटू लागलं.

धाकटा दीर किशनराव मोट हाकायचा. माणूस वाईट नव्हता, पण शेतकऱ्याच्या हिशोबाने बोलला. “वैनी, अक्षय तृतीयेपर्यंत वाट पाहू. मग मातर बाग काढून हळद लावू. हिरीचं पाणी वाया चाललंय.”

परभणीला सरकारी शेतीफारम आहे, तिथले साहेब झाडाचं दुखणं सांगतात, असं स्टेशनावर कोणीतरी बोललं होतं. किशनराव म्हणाला, सरकारी माणसाला काय कळतंय! तेव्हा बाई एकटीच निघाली. सरकारी कचेरीची पायरी जन्मात चढलेली नव्हती. मेलेल्या झाडाची मुळी तिने आदल्या दिवशीच खणून ठेवली होती. पण साहेबापुढे चिखल कसा ठेवायचा? तिने मुळी तीन पाण्यांनी धुतली, काथ्याने घासली, सालीवरचे डिंकाचे घाणेरडे थर खरवडून काढले आणि नवऱ्याच्या ठेवणीतल्या उपरण्यात गुंडाळून घेतली.

फारमवरच्या दिनकरराव साहेबांनी उपरणं सोडलं. आतली लख्ख मुळी उलटसुलट करून पाहिली.

“बाई, दुखणंच धुऊन आणलंत की तुम्ही! आता मी काय बघू?”

बाईचे डोळेच भरले. साहेबांचा आवाज खाली आला. ते म्हणाले, आजारी झाडाची मुळी मातीसकट आणा, डिंकासकट साल आणा, ओल्या गोणपाटात बांधून आणा. मी आठ दिवस दौऱ्यावर आहे, आल्यावर या.

ते आठ दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. सकाळी उठली की आधी पानं बघायची. सातवं झाड मान टाकायला लागलं. भीतीने तिला काही सुचेना. तिने किशनरावाच्या हातापाया पडून पाण्याच्या आणखी दोन पाळ्या वाढवल्या.

नवव्या दिवशी ती चिखलाची गोणी घेऊन हजर झाली. साहेबांनी मुळी नाकाशी धरली. आंबूस वास आला. बोटाने दाबताच साल मोज्यासारखी निसटून हातात आली.

“पाणी कसं देता?”

एवढं एक तिला छातीठोक सांगता येत होतं. “चौथ्या दिवशी, साहेब. खोड बुडेपर्यंत. या आठ दिवसांत तर दोनदा जास्तीचं दिलं. पाण्याला कधी उणं पडू दिलं न्हाई.”

साहेब खाली बघत मुळीवरची माती चोळत राहिले. तेवढ्यावरून बाईला सगळं कळलं.

“मीच मारली का वो?” तिने विचारलं.

“पाणी द्यायला कोणी सांगितलं होतं?”

“मालकानं. जाताना. त्यांला कलमं देणाऱ्यानं सांगितलं होतं.”

“त्याची जमीन मुरमाड असेल. तिथे पाणी ठरत नाही, तिथे ते बरोबरच होतं. तुमची काळी, खोल. ती पाणी धरून बसते आणि मुळी आत कुजते. मालक खोटं बोलले नाहीत बाई. दुसऱ्या जमिनीचं बोलले.”

मग त्यांनी इलाज सांगितला. खोडाभोवती मातीचा उंचवटा करा. आळं खोडापासून दोन हात लांब घ्या. पाणी बाराव्या दिवशी, तेही थोडं. खोडाला मोरचूद आणि चुन्याचा लेप लावा. बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. परतीच्या गाडीत ती तेच पुटपुटत बसली होती.

किशनराव ऐकून चिडला. “उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी तोडायलात? दादाचा शेवटचा शब्द हाय तो, वैनी!”

“ठावं हाय मला,” ती म्हणाली, आणि रडत रडतच उंचवट्याची माती ओढू लागली.

चैत्राचं ऊन. खोडाजवळची जमीन भेगाळली. गाव म्हणू लागलं, बाईचं डोकं फिरलं. रोज दुपारी ती बागेत बसायची आणि तिचे हात घागरीकडे धावायचे. ती ते मांडीखाली दाबून ठेवायची. पाणी देताना हात कधी दुखले नव्हते, न देताना दुखायला लागले. साहेब चुकले असतील तर? मग मालकाचा शब्दही गेला आणि बागही गेली.

अक्षय तृतीयेला सकाळीच किशनराव कुदळ घेऊन आला. ओळीच्या टोकाला येऊन थबकला. उरलेल्या पंधरा झाडांपैकी अकरांच्या शेंड्यांना तांबूस, कोवळी फूट आली होती. चारांचं अजून काही सांगता येत नव्हतं. त्याने कुदळ बांधावर टेकवली आणि तो बैलांकडे गेला.

त्या दिवशी गेलेल्यांच्या नावाने पाणी देतात. धुरपदाबाई व्यंकटीच्या नावाचा मातीचा करा घेऊन बागेत आली. त्याने सगळ्यात आधी लावलेल्या झाडाशी वाकली. सवयीने करा खोडाकडे कलला, आणि तिचा हात तिथेच थांबला.

“अवो, तुमचंच पाणी हाय,” ती हळूच म्हणाली. “पण हितून घ्या.”

ती दोन हात मागे सरली आणि तिथे तिने करा रिता केला.