कडेवरची कानस

रविवारच्या जुन्या बाजारात नाणी विकणाऱ्या माणसाने मला फसवले. कडेचा तुकडा नसलेले पाच रुपयांचे नाणे त्याने टांकसाळीची चूक म्हणून माझ्या गळ्यात मारले. मीही घासाघीस करून भाव निम्म्यावर आणला आणि जिंकल्याच्या तोऱ्यात घरी आलो.

शेजारचे जोशीकाका नाण्यांचे जुने संग्राहक. त्यांनी ते भिंगाखाली धरले. "टांकसाळीत कोरी चकतीच अपुरी कापली गेली, तर बरोबर समोरची कडही पुसट उठते. ही बघा, ठसठशीत आहे. आणि हे कानशीचे ओरखडे. अहो, वर्कशॉप तुमचंच ना?"

मी हादरलो. तीस वर्षे या हातांनी कानस चालवली आहे. पण भाव करताना मी त्या माणसाच्या चेहऱ्यावरून नजर हटवली नाही, नाण्याकडे नीट पाहिलेच नाही.

कामगाराची चूक मी कधी खपवून घेतली नाही, आणि टांकसाळीची चूक मात्र विकत घ्यायला निघालो. ती निदान नकळत झालेली असते, म्हणून तर तिला मोल. ही कुणीतरी निवांत बसून घासली आहे.

येत्या रविवारी बाजारात त्या विकणाऱ्याने सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सांगावे, कानस कोणी चालवली.